बचत गटाच्या हिशेबाचं अ‍ॅप: लॉगिन नाही, नंबर नाही, इंटरनेट नाही. चालेल का?

कोरडवाहू

मंडळी, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी एक अँड्रॉइड अ‍ॅप लिहितोय. इथे अ‍ॅप बनवणारे आहेत आणि गट चालवणाऱ्या ताईही आहेत, म्हणून हा धागा.

अ‍ॅप महिला बचत गटांसाठी आहे. गटात १० ते २० जणी, दर महिन्याची बचत ठरलेली, त्यातूनच अंतर्गत कर्ज, व्याज शेकडा एक किंवा दोन. सचिव ताईंना हजेरी आणि इतिवृत्त, बचत खतावणी, कर्ज खतावणी, रोखकीर्द आणि प्रत्येकीचं पासबुक एवढं सगळं लिहावं लागतं. एकच रक्कम तीन ठिकाणी उतरवायची, व्याज कॅल्क्युलेटरवर काढायचं. महिनाअखेर पाच रुपयांचा फरक आला की सगळी पानं पुन्हा उलटायची. माझ्या अ‍ॅपमध्ये रक्कम एकदा टाकली की ती सगळ्या वह्यांत आपोआप जाते. बाकी काहीही नाही.

आता मुद्दा. मी ठरवलंय की अ‍ॅप मोबाईल नंबर मागणार नाही, ओटीपी नाही, आधार नाही, बँक खातं नाही. सदस्याचं फक्त नाव, तेही हवं तर टोपणनाव. आणि इंटरनेटची परवानगीच घ्यायची नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं: कॅमेरा, लोकेशन यांची परवानगी २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून वापरताना विचारली जाते, पण इंटरनेटची कधीच विचारली जात नाही. अ‍ॅपने ती मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) मागितली की सिस्टिम देऊन टाकते. मी ती मागितलीच नाही, तर माझं अ‍ॅप स्वतःहून कुठल्याही सर्व्हरशी बोलूच शकत नाही. गोपनीयता धोरणाची लांबलचक पानं लिहिण्यापेक्षा हे मला पक्कं वाटतं. जी माहिती माझ्याकडे येतच नाही ती माझ्याकडून फुटणारही नाही.

अडचणी तीन. फोन हरवला तर हिशेब गेला. घरात फोन एक आणि वापरणारे चार. आणि जाहिराती नाहीत म्हणजे पैसे कुठून आणायचे. सुचवा.

निळाशार

विषय फार आवडला. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करते, स्क्रीन डिझाइन करते. तरी स्पष्ट विरोध नोंदवते: लॉगिन हवंच. फोन हरवणं, पाण्यात पडणं, मेमरी भरली म्हणून कोणीतरी रिसेट मारणं हे दर वर्षी होणार. ज्या ताईने दोन वर्षांचा हिशेब तुमच्यावर विश्वासून टाकला, तिला 'तुमची गोपनीयता राखली, पण हिशेब मात्र गेला' हे उत्तर देता येणार नाही. सुरक्षितता म्हणजे माहिती दुसऱ्याच्या हाती न पडणं, तितकंच ती आपल्या हातून न जाणंही.

दुसरं, अ‍ॅनॅलिटिक्स (वापराची आपोआप मोजणी) नसेल तर लोक कोणत्या स्क्रीनवर अडतात हे कळणार कसं? निदान किती जणी 'कर्ज परतफेड' अर्धवट सोडून मागे जातात, एवढं तरी मोजा. नावं नकोत, फक्त घटना.

उंबरठा

निळाशार, पहिला मुद्दा मान्य, त्यावर खाली येतो. दुसऱ्यावर नाही.

'नावं नकोत, फक्त घटना' हेच फ्लो या पाळीची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या बाबतीत झालं होतं. आरोग्याची माहिती खाजगी राहील असं वापरणाऱ्या बायकांना सांगितलं होतं. पण आत बसवलेल्या अ‍ॅनॅलिटिक्सच्या किटमधून घटना फेसबुक, गूगल वगैरेंकडे जात होत्या आणि त्या घटनांच्या नावांवरूनच गरोदरपण कळत होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये त्यांच्यावर आदेश काढला. इथे घटनेचं नाव 'हप्ता चुकला' असं असेल आणि सोबत फोनचा जाहिरात-आयडी (जाहिरातदार फोन ओळखतात तो क्रमांक) असेल, तर आणखी काय सांगायचं राहिलं?

क्रॅश कळण्यासाठी किट लागत नाही. प्ले कन्सोलमध्ये (प्ले स्टोअरच्या अ‍ॅपकर्त्यांसाठीच्या पानावर) अँड्रॉइड व्हायटल्स आहे, ज्यांनी फोनमध्ये संमती दिली आहे त्यांच्याकडचे क्रॅश तिथे आपोआप दिसतात, अ‍ॅपमध्ये एक ओळही न घालता.

कोरडवाहू, तुमच्यासाठी दोन सूचना, दोन्ही महत्त्वाच्या.

एक. तुम्ही इंटरनेट मागितलं नसलं तरी तुम्ही घेतलेल्या लायब्ररीने (दुसऱ्याच्या तयार कोडने) मागितलं असेल. बिल्ड होताना, म्हणजे कोडचं अ‍ॅप बनताना, सगळ्यांचे मॅनिफेस्ट एकत्र होतात आणि परवानग्यांची बेरीज होते. शेवटचा एकत्रित मॅनिफेस्ट उघडून वाचा. नको असलेली परवानगी तिथून काढून टाकायची सूचना देता येते.

दोन, आणि हे फार जणांच्या नजरेतून सुटतं. अँड्रॉइडचा ऑटो बॅकअप. तुम्ही तो बंद केला नाही तर अ‍ॅपचा डेटा, २५ एमबीपर्यंत, फोनवर जे गूगल खातं आहे त्याच्या ड्राइव्हवर जातो. हे काम सिस्टिम करते, त्यामुळे तुमच्या अ‍ॅपला इंटरनेट नसलं तरी जातो. 'डेटा फोनबाहेर जात नाही' असं लिहिणार असाल तर आधी हे बघा.

निळाशार

ऑटो बॅकअप चालू राहू द्या की मग! फोन हरवण्याचा प्रश्नच मिटला. वापरणारीच्या स्वतःच्या खात्यात जातोय, तुमच्याकडे नाही.

अंगणवेल

नमस्कार. मी गटाची सचिव आहे, आठवीपासून पुढे शिकता आलं नाही पण वह्या मीच लिहिते. तुमचं तांत्रिक सगळं कळलं नाही, जे कळलं त्यावर बोलते.

निळाशारताई, 'स्वतःचं खातं' म्हणालात. आमच्या गटात निम्म्या जणींच्या फोनवरचं गूगल खातं मोबाईलच्या दुकानदाराने फोन विकताना उघडून दिलेलं आहे. पासवर्ड त्यालाही आठवत नाही. बाकीच्यांचं मुलाचं किंवा मालकांचं. तिथे हिशेब गेला तर तो परत मिळेल याची खात्री नाही, आणि गेलाय हे आम्हाला कळणारही नाही.

आता गोपनीय काय ते सांगते. बैठकीत कोणाचं किती कर्ज आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तिथे लपवालपवी नाही. पण ते बैठकीबाहेर जात नाही. एखादीने माहेरच्या अडचणीला पाच हजार घेतलेले असतात, सासूला माहीत नसतं. एखादीचे हप्ते थकलेत हे गावात गेलं तर किराणावालासुद्धा उधार देताना विचार करतो. आणि खाजगी फायनान्सवाले गावात फिरतात, त्यांना अशी यादी फुकट मिळाली तर हवीच आहे. वही मी पत्र्याच्या पेटीत ठेवते, किल्ली अध्यक्षांकडे. फोन मात्र संध्याकाळी पोराच्या हातात असतो.

म्हणून अ‍ॅप उघडल्या उघडल्या नावं आणि रकमा समोर येऊ नयेत.

कोरडवाहू

अंगणवेलताई, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. अ‍ॅप उघडताना फोनचंच बोटाचं लॉक लावायचा विचार होता. ते पुरेल का?

उंबरठा

नाही पुरणार. सिस्टिमचं बोटाचं लॉक फोनवर नोंदवलेलं कोणतंही बोट मान्य करतं. पोराचं बोट त्या फोनवर नोंदवलेलं असणारच. अ‍ॅपचा स्वतःचा पिन हवा.

आणि पिन विसरला तर? लॉगिन नाही म्हणजे 'पासवर्ड विसरलात?' हे बटणही नाही. पण अंगणवेलताईंच्या पेटीत उत्तर आहे. डेटाबेस एका लांब किल्लीने कूटबद्ध करा. ती किल्ली दोन प्रतींत ठेवा, एक सचिवांच्या पिनने बंद, दुसरी अध्यक्षांच्या. एक विसरली तर दुसरी उघडून देईल. गटाला ही पद्धत शिकवावी लागत नाही.

एक सावधगिरी. चार अंकी पिनच्या शक्यता फक्त १०,०००. फोनच्या आत हे चालतं, कारण हार्डवेअर कीस्टोअरच्या (फोनमधल्या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षित भागाच्या) मदतीने किल्ली त्याच फोनला बांधता येते आणि चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबायला लावता येतं. पण बॅकअपची फाइल फोनबाहेर जाणार, तिला पिन लावून उपयोग नाही. कोणीही आपल्या संगणकावर सगळे पिन क्षणात लावून बघेल. तिथे शब्द वापरा: २०४८ सोप्या मराठी शब्दांची यादी, त्यातून अ‍ॅपनेच यादृच्छिक निवडलेले ६ शब्द. गणिताने ६६ बिट होतात, म्हणजे २ चा ६६ वा घात एवढ्या शक्यता, भरपूर झाले. ते शब्द कागदावर लिहून त्याच पेटीत ठेवायचे.

निळाशार

शब्दांची कल्पना मनापासून पटली. ऑटो बॅकअपचा माझा सल्ला मागे घेते, दुकानदाराच्या खात्याचा विचारच माझ्या कामात कधी समोर आला नव्हता.

पण मग बॅकअप हे सेटिंगच्या आत दडलेलं बटण असून चालणार नाही. तो मुख्य कामाचाच भाग हवा. बैठक बंद करताना शेवटची स्क्रीन: 'आजची नोंद झाली. प्रत कुठे ठेवायची?' आणि दोनच मोठी बटणं: 'मेमरी कार्डवर' आणि 'अध्यक्षांच्या फोनवर'. वाचून कंटाळा येईल असा मजकूर नको. मागच्या तीन बैठकांची प्रत घेतलेली नसेल तर पहिल्या स्क्रीनवर तसं लिहून यावं, तारखेसह. घाबरवणारा लाल रंग नको, पण दिसेल असं.

बटणांचा आकार ४८ डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) कमी नको. शेतात काम केलेल्या हातांची बोटं स्क्रीनवर नीट उमटत नाहीत. मी तर ५६ घेईन.

तळटीप

वकिली करते, म्हणून कायद्याचं थोडं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अ‍ॅपकर्त्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. एकट्या माणसाला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, पण 'मी छोटा आहे' हा बचावही धरू नका.

कायद्यातल्या दोन गोष्टी स्क्रीन बनवणाऱ्यांनी पाठ कराव्यात. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा, म्हणजे मराठीत वाचणं हा वापरणारीचा हक्क आहे. आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. एका टिचकीत 'हो' आणि ईमेल पाठवून 'नाही', हे चालत नाही. तुमची रचना, जिथे माहिती तुमच्यापर्यंत पोचतच नाही, या सगळ्या ओझ्यातून तुम्हाला बऱ्याच अंशी मोकळं करते.

कर्जाचा विषय आहे म्हणून एक जपा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधल्या फाइल, संपर्कयादी, कॉल लॉग यांना हात लावायला मनाई केली. कारण उघड आहे: हप्ता चुकला की यादीतल्या नातेवाइकांना फोन करून बदनामी करायचे. तुमचं अ‍ॅप कर्ज देत नाही, नुसती नोंद ठेवतं, हे प्ले स्टोअरवरच्या वर्णनात ठळक लिहा. आणि संपर्कयादी चुकूनही मागू नका.

पायवाट

मी उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, काम करतो. विरोधासाठी लिहीत नाही, पण विचारायलाच हवं. गटांची माहिती सीआरपी ताई (गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) आधीच लोकओएस या अभियानाच्या अ‍ॅपवर भरतात. त्यात हे आणखी एक अ‍ॅप आलं तर त्याच बाईवर तिसऱ्यांदा तेच लिहायची वेळ येईल.

कोरडवाहू

पायवाट, रास्त प्रश्न. लोकओएस अभियानाची गरज भागवतं, माहिती वर पोचवतं. मी सचिवाच्या मांडीवरची वही सोपी करतोय. सीआरपी ताई भरायला बसतात तेव्हा त्यांना महिन्याची बेरीज लागते, ती त्याच क्रमाने एका पानावर दिसली तर त्यांचाही वेळ वाचेल. त्या रकान्यांचा क्रम तुम्ही सांगितलात तर तसं पान बनवतो. आधार, खाते क्रमांक मात्र माझ्या अ‍ॅपमध्ये येणार नाहीत, ते जिथे द्यायचे तिथे आधीच दिलेले आहेत.

पायवाट

असं असेल तर मदत करतो. क्रम कळवतो. आणि एक विनंती: एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून वाटू नका. चलन, पीएम किसान, लग्नपत्रिका अशा नावांच्या एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. आम्ही गावोगावी सांगत फिरतो की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल इन्स्टॉल करू नका. चांगल्या अ‍ॅपने ती सवय मोडायला नको.

वेलांटी

गोपनीयतेवर माझ्याहून जाणकार बोललेत. मी मराठीच्या बाजूने.

फोनची भाषा मराठी केली की अँड्रॉइडमध्ये आकडे आपोआप देवनागरीत येतात. हिंदीत तसं होत नाही, मराठीत होतं, त्यामुळे बाहेरच्या मंडळींच्या चाचणीत हे सापडत नाही. दिसायला छान, पण तोच मजकूर तुम्ही साठवायला वापरलात आणि '१२५०.५०' पुन्हा दशांश संख्या म्हणून वाचायला गेलात की अ‍ॅप बंद पडतं. साठवताना नेहमी भाषा-निरपेक्ष रूप वापरा, दाखवताना मराठी. त्याहून बरं, रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा, मग दशांशाचा प्रश्नच येत नाही.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवू नका, 'कर्तृत्व' सारख्या शब्दांच्या वरच्या-खालच्या मात्रा कापल्या जातात. अक्षरांमधलं अंतर तर वाढवूच नका, शिरोरेषा तुटते. मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा टाइप मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

आणि शब्द गटाचे वापरा. 'ट्रान्झॅक्शन यशस्वी' नको, 'जमा झाली' लिहा. 'डीफॉल्टर' हा शब्द तर कुठेही नको. 'बाकी' पुरेसं आहे.

अंगणवेल

वेलांटीताई, 'बाकी' बरोबर. आम्ही तसंच म्हणतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेब पाठवायची सोय असेल ना? बायका विचारतात.

निळाशार

इथेच जपायला हवं. 'शेअर' दाबलं की सगळ्या गटाचं पान जाणार असेल तर एक दिवस ते चुकीच्या ग्रुपवर जाईल. म्हणून आधी सदस्य निवडायची, मग तिचीच पावती पाठवायची: तिची बचत, तिचं कर्ज, तिची बाकी. संपूर्ण गटाचं पान पाठवायचं असेल तर पुन्हा पिन. शेअरसाठी कसलीही परवानगी लागत नाही, ते काम सिस्टिम करते.

स्क्रीनशॉटवर बंदी घालावी असं उंबरठा म्हणतील, पण घालू नका. बायका स्क्रीनशॉटच पाठवतात. ती वाट बंद केली तर दुसऱ्या फोनने फोटो काढतील.

उंबरठा

म्हणणार होतो, पण तुमचं पटलं. मग निदान 'अलीकडची अ‍ॅप' च्या यादीत दिसणारं चित्र तरी लपवा. अँड्रॉइड १३ पासून स्क्रीनशॉट चालू ठेवूनही ते बंद करता येतं. जुन्या फोनवर अ‍ॅप मागे गेलं की लगेच कुलपाची स्क्रीन आणा.

पैशांबद्दल कोणी बोललं नाही. प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर. वैयक्तिक नवीन खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ परीक्षक सलग १४ दिवस ठेवावे लागतात. सर्व्हर नाही म्हणजे दरमहा खर्चही नाही, आणि ही स्वतंत्र माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे. कितीतरी चांगली छोटी अ‍ॅप सर्व्हरचं भाडं भागवायला जाहिरातींकडे वळली आणि मग त्यांच्या मागून ट्रॅकर आले. तुमच्याकडे भागवायला भाडंच नाही. कोड खुला करून एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या अ‍ॅपच्या दुकानातही द्या, तिथे मूळ कोडवरून बिल्ड होतं, त्यामुळे तुम्ही म्हणता तेच अ‍ॅपमध्ये आहे हे कोणालाही तपासता येतं. प्लेवरचा 'डेटा सेफ्टी' विभाग शेवटी आपण स्वतःच भरून दिलेलं निवेदन असतं.

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. ठरलेलं लिहून ठेवतो, चुकलं तर सांगा. ऑटो बॅकअप बंद. दोन पिन, सचिव आणि अध्यक्ष. बैठक संपताना प्रत, सहा शब्दांच्या किल्लीने बंद. पावती एकेकीची. रक्कम पैशांत. अ‍ॅप गटांना फुकट, कोड खुला. एखाद्या ग्रामसंघाला (गावातल्या गटांच्या संघाला) प्रशिक्षण हवं असेल तर त्याचे पैसे घेईन. त्यावर घर चालणार नाही, पण अ‍ॅप चालेल.

अंगणवेलताई, तुमच्या गटात चाचणी घेता येईल का? मी बैठकीला येऊन मागे बसेन, तुम्ही कुठे थांबता ते बघेन. तेच माझं अ‍ॅनॅलिटिक्स.

अंगणवेल

बैठकीत विचारलं, हो म्हणाल्या. अटी आहेत. पहिले तीन महिने वही चालू राहील, अ‍ॅप सोबत. दुसऱ्या बैठकीला तुमच्यासमोर माझ्या फोनमधून अ‍ॅप काढून टाकणार आणि अध्यक्षांच्या फोनवरच्या प्रतीवरून, पेटीतले शब्द टाकून, सगळ्या नोंदी परत आणून दाखवायच्या. आल्या तर पुढे. आणि महिन्याचं पान छापता आलं पाहिजे, ए४ वर आडवं, प्रत्येकीच्या नावापुढे सही किंवा अंगठ्याला रकाना ठेवून. बँकेचे साहेब कागदच मागतात.

कोरडवाहू

छपाईचं पान सध्या उभं आहे, आडवं करतो. सहीचा रकाना किती रुंद हवा?

अंगणवेल

अंगठा बसेल एवढा. दोन बोटं धरा.